शाळेच्या आवारातलं चर्च, चर्चच्या आवारातली शाळा

जानेवारी उजाडला की इंदूरमध्ये लहान मुलांच्या आईबापांची झोप उडते. नर्सरीचे फॉर्म निघतात. आमच्या इमारतीत तळमजल्यावर पुण्याहून बदली होऊन आलेलं एक जोडपं राहतं, मुलगी तीन वर्षांची. एका संध्याकाळी तिची आई फॉर्म घेऊन वर आली.

"काकू, तुम्ही सत्तावीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिकवलंत ना? मग मला सांगा, ही शाळा नक्की कोणाची? फादरची, सिस्टरची, की चर्चची? आणि हे काय आहे?" तिनं एका रकान्यावर बोट ठेवलं. 'पॅरिशचे नाव (फक्त कॅथलिक पाल्यांसाठी)'.

मी लोकमान्य नगरात वाढले. घरी गणपती, गौरी, नवरात्र सगळं साग्रसंगीत. नोकरीची सगळी वर्षं मात्र कॅथलिक शाळेत गणित शिकवण्यात गेली. चहा होईपर्यंत तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊन होईल असं मला वाटलं होतं, पण नऊ वाजले तरी आम्ही बोलतच होतो. इतकी वर्षं आपण या शाळांत मुलं घालतो, 'शिस्त चांगली असते' म्हणतो, आणि त्या कोणाच्या, कशासाठी, कशा चालतात हे आपल्याला फारसं माहीत नसतं. म्हणून त्या दिवशी जे सांगितलं ते, आणि जे राहून गेलं तेही, इथे लिहिते.

सुरुवात 'कॉन्व्हेंट'पासून करू. आपल्याकडे गळ्यात टाय आणि तोंडात इंग्रजी असली की शाळा कॉन्व्हेंट होते. कुठल्याही कॉलनीत दोन मजली घरावर 'अमुक कॉन्व्हेंट' अशी पाटी दिसते. खरं तर सिस्टर ज्या घरात एकत्र राहतात आणि प्रार्थना करतात, त्या घराला कॉन्व्हेंट म्हणतात. त्या घराला लागून बऱ्याचदा शाळा असायची, म्हणून घराचं नाव शाळेला चिकटलं. 'कॉन्व्हेंट' शब्द कोणीही वापरला तरी अडवणारं कोणी नाही. 'कॅथलिक शाळा' या नावाचं तसं नाही. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, त्याला कॅनन लॉ म्हणतात. आजची संहिता १९८३ सालची आहे. तिच्या ८०३ व्या कलमाप्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेला स्वतःला कॅथलिक म्हणवून घेता येत नाही, मग ती प्रत्यक्षात कितीही कॅथलिक असो.

आता पॅरिश. वसईकडचे मराठी कॅथलिक याला 'धर्मग्राम' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात गाव आहे. शहराचे भाग पाडलेले असतात: या रस्त्यापासून त्या नाल्यापर्यंत एक पॅरिश, त्यापलीकडे दुसरी. त्या हद्दीत राहणारी कॅथलिक कुटुंबं त्या पॅरिशची. त्यांच्यासाठी बिशपांनी नेमलेले फादर म्हणजे पॅरिश प्रीस्ट. काही वर्षांनी फादरांची बदली होते, लोक तिथेच राहतात. आपण चर्च म्हटलं की इमारत डोळ्यासमोर आणतो, पण पॅरिश म्हणजे ती कुटुंबं आणि त्यांची नोंदवही. बाळाचा बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद (चर्चमध्ये पवित्र भाकरी पहिल्यांदा घेण्याचा संस्कार), लग्न, मृत्यू, सगळं त्या जाड वहीत लिहिलेलं असतं. नर्सरीच्या फॉर्मसोबत कॅथलिक आईबापांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि पॅरिश प्रीस्टचं पत्र मागतात, ते याच वहीवरून मिळतं. या वहीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

अनेक पॅरिश मिळून धर्मप्रांत होतो आणि त्यावर बिशप असतात. आपल्या इंदूरचा धर्मप्रांत १९५२ सालचा. त्याच्या वीस वर्षं आधी, १९३२ मध्ये, इथल्या मिशनचं काम एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) या धर्मसंघाच्या फादरांनी हाती घेतलं होतं. आर्नोल्ड यान्सेन नावाच्या जर्मन धर्मगुरूंनी १८७५ मध्ये हॉलंडमधल्या स्टाइल या गावात हा संघ स्थापन केला. त्यांनीच पुढे १८८९ मध्ये सिस्टरांचाही एक संघ सुरू केला. ज्याला आपण सगळे लाल चर्च म्हणतो, ते सेंट फ्रान्सिस कॅथेड्रल आज इंदूरच्या बिशपांचं मुख्य चर्च आहे. पूर्वी हा प्रांत प्रचंड पसरलेला होता. त्यातून १९७७ मध्ये खंडवा आणि २००२ मध्ये झाबुआ वेगळे झाले.

मग शाळा कोणाची? इथे बहुतेकांची गल्लत होते, आणि नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं माझीही होत होती. चर्चच्या आवारात शाळा आहे म्हणजे चर्चच्या फादरांची शाळा, असं आपण धरून चालतो. काही शाळा खरंच तशा असतात. धर्मप्रांताच्या सोसायटीच्या नावावर नोंदलेल्या, बिशप अध्यक्ष, एखादे फादर मॅनेजर किंवा प्रिन्सिपल. पण कितीतरी शाळा सिस्टरांच्या किंवा ब्रदरांच्या संघांच्या असतात. त्यांची सोसायटी वेगळी, हिशेब वेगळा, प्रिन्सिपलची नेमणूक त्यांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांकडून. अशा शाळेत शेजारच्या चर्चच्या फादरांना शिक्षक नेमता येत नाही, फी ठरवता येत नाही, नर्सरीत एक मूलही घेता येत नाही. लोक त्यांच्याकडे चिठ्ठीसाठी रांग लावतात आणि ते बिचारे हात जोडतात. शाळा कोणत्याही संघाची असली तरी धार्मिक बाबतीत तिच्यावर लक्ष ठेवण्याचा आणि तिला भेट देण्याचा अधिकार बिशपांना आहे, हे कलम ८०६ सांगतं. एवढंच त्या दोघांना बांधणारं कायद्याचं सूत. बाकी सगळं माणसांवर असतं. फादर आणि प्रिन्सिपल सिस्टर यांचं जमलं तर शाळा आणि पॅरिश एका घरासारखी नांदतात. नाही जमलं तर मधली भिंत चार फुटांची असूनही पलीकडचं काही कळत नाही.

हे नातं सगळीकडे सारखं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी अमेरिकेतल्या भाचीचं उदाहरण द्यायचं, 'तिच्या वर्गात सगळी चर्चचीच मुलं', आणि आम्हाला नवल वाटायचं. त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सरकारी शाळांत प्रोटेस्टंट वळणाचं बायबलवाचन चालायचं. आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंडहून पोट भरायला आलेल्या कॅथलिक मजुरांना ते नको होतं. १८८४ मध्ये बाल्टिमोरला तिथल्या बिशपांची परिषद भरली आणि ठरलं की जिथे शाळा नाही तिथे प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे. पैसा पॅरिशच्या लोकांनी रविवारच्या दानात घातलेला. शिकवणाऱ्या बहुतेक सिस्टर, नाममात्र मानधनावर. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती. पुढे सिस्टर कमी झाल्या, पगारी शिक्षक घ्यावे लागले, फी वाढली आणि एकेक शाळा बंद पडत गेली. तिथे शाळा बंद झाली की पॅरिशचे लोक रडतात, कारण आजोबांपासून सगळे त्याच बाकांवर बसलेले असतात.

गोव्यातली तऱ्हा आणखी निराळी, आणि मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चला छोट्या शाळा जोडलेल्या असत. अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि त्यासोबत संगीत. चर्चच्या गायनवृंदासाठी मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. पुढे ही मुलं पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या कितीतरी गाण्यांतली व्हायोलिनं गोव्याच्या एखाद्या पॅरिश शाळेत शिकलेल्या हातांनी वाजवलेली आहेत. पॅरिशची शाळा पॅरिशसाठी काढलेली असते, पण तिचं पाणी कुठवर झिरपतं याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

आपल्या माळव्यात चित्र उलटं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अख्ख्या मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणसं २,१३,२८२. टक्केवारी काढली तर ०.२९, म्हणजे हजारात तीन. आणि हे सगळ्या पंथांचे मिळून. आता एका शाळेत दोन-अडीच हजार मुलं धरा. पॅरिशची सगळी मुलं गोळा केली तरी शाळेच्या दोन-चार वर्गांत मावतील. माझ्या वर्गात ५२ मुली असायच्या, त्यात कॅथलिक दोन किंवा तीन. एका वर्षी एकही नव्हती. त्या दोन-तीन तरी एका घडणीच्या असतील म्हणाल तर तसंही नाही. एकीचे वडील केरळचे, बँकेत. दुसरी तमिळ. तिसरी झाबुआकडची, भिल्ल. एखादी क्वचित अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातली, जी डब्यात पुरणपोळी आणायची. पॅरिश म्हणजे ही सगळी एका चर्चमध्ये बसणारी माणसं. त्यांना एकत्र बांधायला भाषा नाही, जात नाही, गाव नाही. आहे तो रविवार.

"मग एवढ्या थोड्या लोकांनी एवढ्या शाळा कशाला काढल्या?" तळमजल्यावरच्या सुनेनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग चर्चच्या शिकवणीत आहे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. त्यातली पहिली गोष्ट अशी की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणजे आईवडील. शाळा त्यांच्या मदतीला. आणि दुसरी अशी की जे कॅथलिक नाहीत त्यांची मुलं शिकणाऱ्या कॅथलिक शाळाही चर्चला तितक्याच प्रिय आहेत. इथल्या सिस्टरांशी बोलताना मला हे कायम जाणवलं. ही मुलं आपल्या धर्माची नाहीत, हे त्यांना कमीपणाचं वाटत नसे. शिकवणं हीच त्यांची प्रार्थना होती. एका वयस्कर सिस्टरांना मी शेवटच्या तासाला पायऱ्यांवर बसून एका मुलीच्या स्कर्टची उसवलेली शिवण टाचताना पाहिलंय. ती मुलगी सराफ्यातल्या जैन घरातली होती.

उत्तराचा दुसरा भाग आपल्या राज्यघटनेत आहे. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. या हक्काभोवती किती खटले झाले! १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बाहेरच्या मुलांना प्रवेश दिला म्हणून संस्था अल्पसंख्याकांची राहत नाही असं होत नाही. त्याच वेळी हेही सांगितलं की चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं गुजरात विद्यापीठ कायद्यातली काही बंधनं अशा संस्थांना लागू होत नाहीत असा निकाल दिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळांना वगळलं, त्यामुळे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांचा नियम त्यांना लागू नाही. या शेवटच्या गोष्टीवर लोक रागावतात आणि मला तो राग समजतो. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं अल्पसंख्याक नसलेल्या समाजांतली आहेत. संरक्षण पॅरिशच्या नावानं मिळालंय. मग पॅरिशच्या गरीब पोरांना तरी या शाळेत जागा आणि आधार मिळतो ना, हे शाळेनं स्वतःला विचारायलाच हवं.

फीबद्दल थोडं. 'शाळेच्या फीवर चर्च चालतं' असं सर्रास बोललं जातं. शाळेची सोसायटी वेगळी, तिचा हिशेब वेगळा आणि लेखापरीक्षण होणारा. नफेखोरी करायची नाही, पण शाळेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात म्हटलंय. शहरातल्या शाळेच्या शिलकीतून खेड्यातली शाळा किंवा वसतिगृह चालवायचं, ही चर्चच्या शिक्षणसंस्थांची जुनी रीत आहे. आणि चर्चचा स्वतःचा खर्च? तो रविवारच्या दानातून, मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, लोक देतात त्या पैशातून. गरीब मुलाची फी भरण्यासाठी बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं मंडळ असतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली ही संस्था. तिचे सभासद गुपचूप घरी जाऊन विचारपूस करतात, आणि जून आला की कोणाच्या तरी वह्यांचे पैसे भरलेले असतात.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "शाळेत धर्म शिकवतात का?" हा प्रश्न तळमजल्यावरच्या सुनेनं दोनदा गिळला आणि तिसऱ्यांदा विचारला.

आपल्या मुलांच्या वेळापत्रकात जो असतो तो मॉरल सायन्सचा तास. मीही तो काही वर्षं घेतलाय. खरं बोलणं, म्हाताऱ्यांची काळजी, कॉपी न करणं. धर्मशिक्षण, ज्याला कॅथलिक लोक कॅटेकिझम म्हणतात, ते वेगळं. ते फक्त कॅथलिक मुलांसाठी, आणि आमच्याकडे ते रविवारी मिस्सा झाल्यावर असायचं. घटनेचं कलम २८ इथे आड उभं आहे. सरकारमान्य शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अजाण असेल तर पालकांची संमती लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही २०२४ मध्ये आपल्या शाळांना लेखी सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, सकाळच्या प्रार्थनेला घटनेची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांसाठी एक प्रार्थनाकक्ष ठेवा. फाटकाजवळ येशूच्या आईची, मारियाची मूर्ती असते, परीक्षेच्या दिवशी आपल्या मुली तिच्यासमोर हात जोडून पळतात. ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. आपल्याकडे वाटेत देव दिसला की हात आपोआप जोडले जातात.

पॅरिशच्या मुलांसाठी मात्र तोच वर्ग रविवारी दुसरीच जागा होतो. हे मी एकदाच नीट पाहिलं, आणि त्यानंतर माझं शाळेकडे बघणंच बदललं.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात राहिला होता. सोमवारी मार्क द्यायचे होते, म्हणून रविवारी सकाळी गेले. चर्च नुकतं सुटलं होतं. व्हरांड्यात मोठ्या पातेल्यात पोहे, वरून शेव, आणि माणसं घोळक्यानं उभी. चौथी ब च्या खोलीत धर्मशिक्षण चालू होतं. फळ्याच्या डाव्या बाजूला मी शनिवारी सोडवलेली अपूर्णांकांची गणितं तशीच होती. उजव्या बाजूला प्रार्थनेच्या ओळी. दुसरीपासून सातवीपर्यंतची पंधरा-वीस पोरं एकत्र बसलेली. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी सुरू होती. साधारण तिसरी-चौथीत मुलं या संस्काराला बसतात. पूर्वी त्यासाठी मोठं व्हावं लागायचं, १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी समज आलेल्या, म्हणजे सात वर्षांच्या आसपासच्या मुलांनाही तो द्यावा असं ठरवलं. पुस्तकांना शाळेसारखीच खाकी कव्हरं घातलेली. एका चिमुरडीनं विचारलं, "मिस, ये भी परीक्षा में आएगा?" शिकवणाऱ्या बाई बँकेत नोकरी करणाऱ्या, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नहीं बेटा, ये घर जाके मम्मी को सुनाना."

आणि त्यांच्या शेजारी उभी राहून लहान पोरांना धडा वाचून दाखवणारी मुलगी माझ्याच सातवीच्या वर्गातली होती.

तिचे वडील चर्चच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचे, माळीकाम करायचे. कुटुंब झाबुआकडचं. घरात भिली, रस्त्यावर हिंदी, वर्गात इंग्रजी. फीत सवलत होती. माझ्या तासाला ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. सहामाहीला १०० पैकी १९ गुण. प्रगतिपुस्तकात मी 'लक्ष कमी आहे' असा शेरा मारला होता. तीच मुलगी त्या खोलीत खणखणीत आवाजात वाचत होती, अडलेल्या पोराला बोटानं ओळ दाखवत होती, आणि सगळे तिचं ऐकत होते. मी गठ्ठा घेऊन निघून आले. तिला हाक मारली नाही. सोमवारी ती पुन्हा शेवटच्या बाकावर होती.

आठवीत तिनं शाळा सोडली. वडिलांनी नाव काढून सरकारी शाळेत घातलं. कारण विचारलं तर 'इंग्लिश जमत नहीं रहा' एवढंच. कार्यालयात दाखला तयार झाला, सही झाली, विषय संपला. शाळेचं नाव इथे लिहीत नाही. दोष एका शाळेचा नव्हताच, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या त्या शेऱ्याचाही आहे. पुढे कितीतरी महिन्यांनी फादर मला म्हणाले की ही मुलगी रविवारी यायची का बंद झाली ते आम्हाला कळलंच नाही. शाळा सुटल्याची लाज वाटून ती चर्चलाही यायची थांबली होती.

फादरांच्या खोलीत पॅरिशची वही. त्यात तिचा बाप्तिस्मा, तिच्या भावंडांची नावं, घरची परिस्थिती. ऑफिसात शाळेचं रजिस्टर, त्यात तिचे १९ गुण आणि गैरहजेरी. मध्ये चाळीस पावलांचं मैदान. दोन्ही वह्या कोणी एका टेबलावर उघडून पाहिल्या नाहीत. कॅथलिक शिक्षणाचं अखिल भारतीय धोरण २००७ मध्ये बिशपांनी ठरवलं, त्यात गरीब, दलित, आदिवासी मुलांना अग्रक्रम लिहिलेला आहे. प्रवेशाच्या दिवशी तो अग्रक्रम पाळलाही जातो. पण प्रवेश मिळाल्यावर पुढची बारा वर्षं त्या मुलाचं काय होतं, हे बघायला पॅरिश आणि शाळा दोघी लागतात. पॅरिशला घर माहीत असतं, शाळेला मूल. आणि ज्या आईबापांना व्हॅटिकन परिषदेचा तो जाहीरनामा पहिले शिक्षक म्हणतो, त्यांना इंग्रजीतलं प्रगतिपुस्तकच वाचता येत नसतं.

चर्चच्या आतही हा प्रश्न जुना आहे: शहरात शाळा चालवायच्या, की खेड्यात जाऊन माणसांत राहायचं? आपल्या भागातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे सिस्टर राणी मारिया. केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला १९९२ मध्ये आल्या आणि आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायच्या कामाला लागल्या. बचतगट, सरकारी योजना, हक्कांची जाणीव. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला पुढे त्यांच्या घरच्यांनी माफ केलं, त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टर, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारिया यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा इंदूरमध्येच, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर झाला. ज्या मैदानावर एरवी आपली पोरं क्रिकेट खेळतात आणि आपण स्नेहसंमेलनाला खुर्च्या पकडतो, तिथे त्या दिवशी खेड्यापाड्यातून आलेली माणसं बसली होती. एवढी मोठी जागा पॅरिशकडे दुसरी कुठे असणार?

तळमजल्यावरच्या सुनेनं तो पॅरिशचा रकाना मोकळा ठेवून फॉर्म जमा केला. निघताना म्हणाली, "काकू, आपल्या मुलीच्या वर्गातल्या त्या दोन-तीन मुली कोण, हे मी नक्की विचारीन." मला फार बरं वाटलं.

माझं म्हणाल तर निवृत्त झाल्यावर मी फादरांकडे गेले आणि त्या मुलीची गोष्ट सांगितली. त्यांनी पॅरिश कौन्सिलमध्ये विषय काढला. प्रिन्सिपल सिस्टर आल्या, सोबत गुणांची यादी घेऊन. फादरांनी आपली वही आणली. दोन्ही एका टेबलावर उघडल्यावर पहिल्याच दिवशी अकरा नावं सापडली. त्यातल्या चार मुलांच्या घरी कोणालाही वाचता येत नव्हतं. आता रविवारी मिस्सानंतर तास होतो. मी गणित घेते, अजून एक निवृत्त बाई इंग्रजी. पोहे खाऊन मुलं येतात, सगळी दर वेळी येतातच असं नाही. गेल्या वेळी सात आली. आई किंवा बाप यांच्यापैकी एकानं तरी महिन्यातून एकदा बाकावर येऊन बसायचं, अशी अट सिस्टरांनी घातली आहे. प्रगतिपुस्तक त्यांना हिंदीतून वाचून दाखवतो.

चौथी ब चीच खोली मिळाली आहे. या रविवारी अपूर्णांकांचा भागाकार घ्यायचा आहे. धर्मशिक्षणाच्या बाईंशी बोलणं झालंय. मी फळ्याची डावी बाजू वापरायची, उजवी त्यांची.